वादळाआधी उतरवलेले नारळ

किहीमच्या आपल्या सोसायटीतल्या सर्वांस,

सकाळी रेडिओवर वादळाचा इशारा आला, आणि दुपारपर्यंत आपण नारळांच्या वाटणीवर भांडत बसलो. म्हणून हा कागद जिन्याखाली लावते आहे.

मागच्या अंगणातला माड रखवालदाराच्या खोलीवर झुकलेला आहे. वाऱ्यात नारळ पडले तर कौलं फोडून आत येतील. आत त्याची बायको रखमा तान्ह्या बाळाला घेऊन बसली होती. नारळ उतरवायला आलेला धर्मा खाली ताटकळत होता.

"माड सामाईक आहे. सगळे जमल्याशिवाय एकही नारळ उतरवायचा नाही," वरच्या मजल्यावरच्या अण्णांनी बजावलं.

"गेल्या खेपेला नासके सगळे आमच्याच वाट्याला आले," कुसुमवहिनींनी री ओढली.

रखमा दारातून म्हणाली, "बाय, वारा वाढलाय. पोराला घेऊन जाऊ कुठं?"

"माझ्या घरात," मी म्हटलं आणि धर्माला चढायला सांगितलं.

"कोणाला विचारून?" अण्णा ओरडले.

"वाऱ्याला!"

खिडक्यांना फळ्या ठोकायच्या अजून राहिल्या आहेत. त्यासाठीही सभा भरवायची का?

उतरवलेले सर्व नारळ रखमाच्या ताब्यात दिले आहेत. ज्याला आपला वाटा हवा असेल, त्याने तिच्याकडे जाऊन मागावा.