ओव्हलवरचा थोर ड्रायव्हर

मला गाडी चालवता येत नाही, हे आधीच सांगून टाकते. कारण ज्या वादाबद्दल मी लिहिते आहे तो ओव्हल रेसिंगमधला सर्वांत थोर ब्रिटिश ड्रायव्हर कोण, असा होता, आणि त्यात सगळ्यांत मोठा आवाज माझा होता.

घाटकोपर पश्चिमेला हमरस्त्याच्या आत गॅरेजांची एक गल्ली आहे. गल्लीच्या तोंडाशी, सगळी गल्ली ज्यांना काका म्हणते त्यांचं व्हील अलाइनमेंटचं दुकान. काका मूळचे मालवणकडचे, वडील गिरणी कामगार. तरुणपणी बारा वर्षं आखातात एका वर्कशॉपमध्ये होते. तिथला फोरमन इंग्लंडचा. तो गावी सुट्टीवर गेला की आपल्या हाताने बांधलेली गाडी छोट्या ओव्हलवर पळवायचा आणि परत येताना शर्यतींच्या व्हिडिओ कॅसेट घेऊन यायचा. ओव्हल म्हणजे अंडाकृती ट्रॅक. गाड्या एकाच बाजूला, डावीकडे वळत राहतात. जन्मभर लोकांच्या गाड्यांची चाकं सरळ करणाऱ्या काकांना या मुद्दाम वाकड्या केलेल्या गाड्यांचं वेड लागलं ते तिथे. उजवे टायर मोठे, डावे लहान, चाकं दोन्हीकडे वेगवेगळ्या कोनांत झुकवलेली. "अशी गाडी कोणी माझ्याकडे आणली तर मी पयलो त्येका डॉक्टरकडे पाठवीन," असं म्हणायचे, आणि मग अर्धा तास त्याच गाडीचं कौतुक करायचे.

त्यांची मुलगी आणि मी एका शाळेतल्या. आता दुकानातला संगणक तीच बघते. शनिवारी दुपारी गिऱ्हाईक कमी असतं, तेव्हा आम्ही तिघं फोनवर शर्यती लावायचो आणि भांडायचो.

काकांचा उमेदवार एक स्कॉटिश. अमेरिकेत जाऊन तिथल्या मोठ्या ओव्हलवर जिंकलेला. ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या पुढे, एका बाजूला काँक्रीटची भिंत, हातभर अंतरावर दुसरी गाडी. मी त्याला एकदा चुकून इंग्रज म्हटलं.

"गो चेडवा, स्कॉटिश माणसाक इंग्रज म्हटलंस तर तो तुका पान्यान हाणतलो," काका हातातला पाना उगारून म्हणाले.

माझा उमेदवार निराळ्या जातकुळीचा. ब्रिटनमधल्या छोट्या ओव्हलवरचा एक स्टॉक कार ड्रायव्हर, आठवडाभर भंगाराच्या धंद्यात आणि रविवारी ट्रॅकवर. त्या शर्यतींची एक रीत मला समजली आणि मी पेटलेच. तिथे गाड्यांच्या छपरांचे रंग ड्रायव्हरच्या कामगिरीवर ठरतात. नवखे पांढऱ्या छपराचे, ते सगळ्यांत पुढे उभे राहतात. मग पिवळे, निळे, लाल, आणि जगज्जेता सोनेरी छप्पर घेऊन पार मागे. जो सगळ्यांत चांगला त्याने सगळ्यांत मागून निघायचं! जगात सगळीकडे जो पुढे आहे त्याला आणखी पुढे उभं करतात. इथे उलट. धक्के मारायची परवानगी, वीस-पंचवीस गाड्या वाटेत, आणि तरीही माझा भंगारवाला तीनातल्या दोन वेळा पुढे यायचा. याला थोर म्हणायचं नाही तर कुणाला?

"पण त्या फोरमनचा मत काय होता, म्हायत असा?" काका म्हणाले. "तो स्वतः तुझ्या लहान ट्रॅकवरचो. आणि त्येच्या भिंतीवर फोटो कोणाचो? माझ्या स्कॉटिशाचो."

"कामगाराच्या भिंतीवर मालकाचा फोटो असणं हे काही नवीन नाही, काका."

"तुमच्या दोघांच्या यादीत एकही बाई नाही," त्यांची मुलगी संगणकावरून मान न वळवता म्हणाली. "आधी ते बघा, मग थोरवी ठरवा."

तिचा मुद्दा बरोबर होता, आणि आम्हाला एकही नाव सांगता येत नव्हतं.

माझे वडील कारखान्यात युनियनची पत्रकं लिहायचे. आमच्या घरी बाराखडीच्या आधी पत्रकं आली. त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी पाढे लिहिले आणि छापील बाजूवर वाचायला शिकले. त्यामुळे वाद तोंडी हरत आला की माझा हात आपोआप कागदाकडे जातो. मी एक पत्रक लिहिलं, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून वीस प्रती काढल्या आणि गल्लीत वाटल्या. एक काकांच्या दुकानात कॉम्प्रेसरच्या वरच्या भिंतीवर चिकटवली. शीर्षक होतं, 'ओव्हलवरचा खरा थोर कोण?' आणि मधोमध ठळक अक्षरांत माझं लाडकं वाक्य: 'मोठ्या ओव्हलवर ड्रायव्हरला डावीकडे वळण्यापलीकडे काही काम नसतं, तिथे जिंकतं ते मालकाचं इंजिन.'

जेवणाच्या सुट्टीत फिटर मंडळींनी ते मोठ्याने वाचलं. डेंटिंगवाला म्हणाला, "झकास! काकांची वाट लागली." काकांनी चष्मा लावून पूर्ण वाचलं, चष्मा काढला, आणि एका गाडीखाली गेले. मला वाटलं, जिंकले.

त्यानंतर दहाएक दिवसांनी गल्लीला महापालिकेची नोटीस आली. रस्ता रुंद होणार होता, त्यात ही दुकानं जाणार होती. म्हणणं मांडायला पंधरा दिवस. काहींची दुकानं वडिलांच्या काळापासूनची होती. काकांनी आखातातली सगळी वर्षं त्या एका गाळ्यात घातली होती. पाडायच्या आधी जवळपास पर्यायी जागा द्या, एवढीच मागणी. मी रात्रीत मसुदा लिहिला. गल्लीतली पद्धत अशी की काकांनी सही केली की बाकीचे करतात. म्हणून मी आधी काकांकडे गेले.

त्यांनी कागद घेतलाच नाही.

"तुझ्या कागदार मी सही करूचंय नाय."

मला वाटलं, गंमत करतायत. मग त्यांनी कॉम्प्रेसरच्या वर बोट दाखवलं.

"ह्या तुका कोणी सांगल्यान? डावीकडे वळण्यापलीकडे काय काम नसता?"

"काका, तो वाद वेगळा. ही तुमची दुकानं आहेत."

"वाद वेगळो, पण लिवणारी तूच मां? गाडी चलवलंस कधी? नाय. तरी ठळक अक्षरात छापलंस. माका वाचूक येता, म्हणान विचारतंय. उद्या म्हापालिकेतलो सायब एका वाक्यार बोट ठेवून विचारतलो, ह्या खरा कशावरून? तेव्हा तू काय सांगतलंस?"

मी भडकले. इथे छप्पर जायची वेळ आलीय आणि तुम्ही विलायतेतल्या ड्रायव्हरचा राग धरून बसलात, असं काहीतरी बोलले. त्यांच्या मुलीने मला बाहेर ओढलं.

"राग ड्रायव्हरचा नाहीये गं, बावळट. सगळी गल्ली तुझं वाचून हसली, खरं मानून. बाबांना भीती वाटतेय की हा मसुदाही सगळे तसाच, न तपासता, खरा मानतील."

घरी वडिलांना सांगितलं. मला वाटलं होतं ते माझी बाजू घेतील. त्यांनी फक्त विचारलं, "मग, ते वाक्य खरं आहे का?" मी म्हटलं, माहीत नाही. "मग छापलंस कशाला?" पुढे म्हणाले, "आमच्याकडे चूक छापली गेली तर ती छापूनच मागे घ्यायची. त्याच भिंतीवर, तेवढ्याच अक्षरात. तोंडी माफी चालायची नाही. पण आधी बघ तरी, चूक आहे का."

मी काकांकडे जाऊन विचारलं, आणि त्यांनी मला दाखवलं. रविवारी सकाळी आम्ही तिघं त्यांच्या जुन्या गाडीतून माहुलला गेलो. तिथे टँकर उभे करायची एक मोकळी, कुंपण घातलेली जागा होती, आणि तिथला वॉचमन काकांच्या गावचा. हवेत रिफायनरीचा तो उग्र वास. आदल्या दिवशी काकांनी स्वतःच्या गाडीची चाकं वाकडी केली होती. उजवीकडे थोडे मोठे टायर, डावीकडे हवा कमी, कोन त्यांच्या हिशेबाने. जन्मभर सरळ केलेलं त्या माणसाने माझ्यासाठी वाकडं केलं, आणि त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत.

मी स्टेअरिंगवर बसले. काका शेजारी, हँडब्रेकवर हात ठेवून. पहिल्या गिअरमध्ये चार ड्रमांभोवती गोल फिरायचं. दोनदा गाडी बंद पडली. मागच्या सीटवरून त्यांची मुलगी ओरडली, "मागून निघतेयस ना, सोनेरी छप्पर!"

तिसऱ्या फेरीला गंमत कळली. वळणावर गाडी आपण होऊन वळत होती. मी नुसते हात ठेवले होते, आणि ती एखाद्या सवयीच्या वाटेने जावं तशी जात होती. मला हसू आलं. म्हटलं, बघा, वळायला ड्रायव्हर लागतच नाही!

"आता सरळ घे. त्या खांबापर्यंत."

सरळ जाताना ती गाडी सरळ जाईना. सारखी आत ओढत होती. मी उलट धरून ठेवलं तर जास्त झालं, सैल सोडलं तर लगेच डावीकडे. पन्नास मीटरमध्ये माझे खांदे भरून आले. वेग काय, तर सायकलवाला पुढे गेला असता.

"हात सोडून बघ," काका म्हणाले. मी सोडले. गाडी ड्रमाच्या दिशेने निघाली आणि त्यांनी हँडब्रेक ओढला.

"ह्या ताशी पंधरा. तो साडेतीनशेर असता. बाजूक भिंत, मागे-पुढे गाडये, तीन तास. वळणार गाडी मदत करता. सरळ पट्ट्यार तो एकटो."

त्या स्कॉटिशाचे हात मला पहिल्यांदा दिसले. फोनच्या पडद्यावर इतक्या शर्यती पाहिल्या होत्या, पण मी छपरांचे रंग पाहत होते, हात नाही. माझ्या भंगारवाल्याच्या गाडीचीही चाकं अशीच वाकडी असणार, आणि तोही प्रत्येक फेरीत दोनदा असाच झगडत असणार. ज्याची थोरवी मी ठळक अक्षरांत गात होते त्याचंही निम्मं काम मला ठाऊक नव्हतं.

सोमवारी नवं पत्रक लावलं. त्याच भिंतीवर, तेवढ्याच अक्षरात, आणि गल्लीत वीस प्रती. 'मागच्या पत्रकात मी लिहिलं होतं की मोठ्या ओव्हलवर ड्रायव्हरला डावीकडे वळण्यापलीकडे काही काम नसतं. हे चूक आहे. मी गाडी न चालवता ते लिहिलं. ते वाक्य मागे घेते. सर्वांत थोर कोण याबद्दलचं माझं मत मात्र मागे घेत नाही.'

डेंटिंगवाला हसला. बाकीचेही हसले, आणि ते मला ऐकून घ्यावं लागलं. काकांनी चष्मा लावला. शेवटच्या ओळीशी थांबून "हट्टी असा," एवढंच म्हणाले, आणि हात पुढे केला. "आता तो दुसरो कागद माका दी."

त्यांनी तो उभ्यानेच वाचला, बोट ओळीवरून फिरवत. सहीसाठी पेन मागतील म्हणून मी ते काढूनच ठेवलं होतं. पण बोट तिसऱ्या ओळीवर अडलं.

"अकरा दुकानां लिवलंस. मोजलंस?"

मी लहानपणापासून त्या गल्लीत येत होते. अकराच आहेत, हे मला पाठ होतं.

"नाही," मी म्हटलं.

मी पेन कानामागे खोचलं आणि गल्लीच्या आतल्या टोकाकडे निघाले. प्रत्येक दारात थांबले, काम काय करता, किती वर्षं, किती माणसं, ते विचारून लिहून घेतलं. अकरावं दुकान झालं. त्याच्या पलीकडे, भिंत आणि विजेचा खांब यांच्यामध्ये, पंक्चर काढणारा म्हातारा त्याच्या पाण्याच्या टबापाशी बसला होता. मी त्याच्यासमोर उकिडवी बसले आणि विचारलं, "बाबा, तुम्ही इथे केव्हापासून?"