झेंडू तोडल्याशिवाय उडायचं नाही

आमच्या घरात आधी पत्रक निघतं, मग चौकशी होते. ही पद्धत वडिलांची. अमरावतीत नळाला दोन दिवस पाणी आलं नाही, की तिसऱ्या दिवशी सकाळी ते 'प्रशासन, जागे व्हा!' असं पत्रक घेऊन चौकात उभे राहत. मग कुणीतरी सांगे की पाणी फक्त आपल्याच घरी येत नाही, आपली तोटी गंजली आहे. वडील खचत नसत. "तोटी गंजणं हाही धोरणाचाच परिणाम हाये," असं म्हणत उरलेली पत्रकं वाटून संपवत. मी वाचायला शिकले ती याच कागदांवर. 'अननस' माझ्या आयुष्यात उशिरा आला, 'जाहीर निषेध' त्याच्या बराच आधी.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी पातूरजवळ आत्याच्या शेतात लष्कराचं हेलिकॉप्टर उतरलं, तेव्हा मी जे केलं ते या वळणाला धरूनच केलं.

मी तिथे झेंडू तोडायला गेले होते. आत्याचा दोन एकर झेंडू आहे. झेंडूचं वर्षभराचं भवितव्य दसऱ्याच्या एका सकाळी ठरतं. आदल्या दिवशी दुपारनंतर तोडायचा, रातोरात अकोल्याच्या बाजारात पोचवायचा. लवकर तोडला तर काळवंडतो, उशिरा नेला तर गाईसुद्धा त्याच्याकडे बघत नाहीत. त्या दिवशी साऱ्या शिवारात तोडणी असल्यामुळे बायका मिळत नव्हत्या. आत्याला जेमतेम पाच मिळाल्या होत्या, त्याही दोन वाजता येणार होत्या.

सकाळी आठच्या सुमारास आवाज आला. हेलिकॉप्टर गावावरून एक घिरटी मारून धुऱ्यापलीकडच्या, म्हणजे बांधापलीकडच्या, आत्याच्याच सोयाबीन सोंगून मोकळ्या झालेल्या वावरात उतरलं. त्याच्या वाऱ्याने धुऱ्याजवळच्या झेंडूच्या दोन ओळी जमिनीवर आडव्या झाल्या. फुलं पार चिंचेच्या झाडापर्यंत गेली. आत्याने आधी फुलांकडे बघितलं, मग हेलिकॉप्टरकडे, आणि शेतात पाय टाकण्याआधी करते तसं चपला काढून ती तरातरा निघाली.

मी दुसऱ्या दिशेने निघाले, पातूरला, आत्याच्या स्कुटीवर. डोक्यात वाक्यं तयार होत होती. झेरॉक्सच्या दुकानात बसून मी हाताने लिहून काढलं: 'शेतकऱ्याच्या मातीवर युद्धयंत्र कशासाठी? गावाला बस नाही, हेलिकॉप्टर मात्र दारात! बॉम्बवर्षावाचे हे साधन आमच्या शिवारातून तत्काळ हटवा!' तत्काळ शब्दाखाली दोन रेघा. दीडशे प्रती काढल्या. त्यातला बसचा मुद्दा मी आजही सोडलेला नाही. गावाला बस नाहीच.

परत आले तेव्हा दोनशेच्या वर माणसं जमली होती. एक पोलीस शिट्टी फुंकत दोरी धरून उभा होता. मी पत्रकं वाटत सुटले. लोकांनी ती घेतली, काहींनी ऊन लागतंय म्हणून डोक्यावर धरली, पण तरुण पोरांना तो शेवटचा शब्द आवडला. "तत्काळ हटवा! तत्काळ हटवा!" सुरू झालं. आयुष्यात पहिल्यांदाच माझं वाक्य दुसऱ्या कुणाच्या तोंडून, तेही चालीवर, ऐकू येत होतं.

चिंचेखाली आत्या दोन वैमानिकांसमोर उभी होती. थोरले मिशीत पांढरे झालेले, बोलण्यावरून पुण्याकडचे. धाकटा उंच, हिंदी बोलणारा. त्यांच्या गिअरबॉक्सच्या तेलात लोखंडाचा कण सापडल्याचा दिवा लागला होता, म्हणून ते उतरले होते. कण किरकोळ असू शकतो, नसूही शकतो. उघडून पाहायला तंत्रज्ञ लागणार होते.

"काकू, आपण जरा शांतपणे ऐकून घ्याल का?" थोरले म्हणाले.

"मी शांतच हाओ. मी तापली का तुले सांगा नाही लागन, समजन तुले."

थोरल्यांना गेल्या कित्येक वर्षांत कुणी 'तुले' म्हटलेलं नसावं. त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली.

"तंत्रज्ञ दुसऱ्या हेलिकॉप्टरने येतायत. ते इथेच बाजूला उतरेल."

"अजून एक?" आत्या म्हणाली. "एकानं दोन ओळी झोपोल्या माह्या. दुसरं आलं का मले बाजारात काय काड्या घेऊन बसवतं? शाळेचं मैदान हाये ना रिकामं. सुट्ट्या हायेत. थे तिकडं उतरव."

"तिथून त्यांची पेटी कशी आणणार?"

"आपला टेम्पो है ना, साहब," मागून टेम्पोवाले चाचा बोलले. आत्याचा झेंडू दरवर्षी तेच अकोल्याला नेतात. पातूरची त्यांची फुलांची दुकानदारी तीन पिढ्यांची आहे. थोरल्यांनी फोन लावला. मी जवळच होते, मला स्पष्ट ऐकू आलं: "सर, इथे दुसरं उतरवता येणार नाही. नाही सर, तारा नाहीत. झेंडू आहे."

चाचा तोवर धाकट्याला गाठून होते. मोबाईलवर त्यांनी काय काय पाहिलेलं होतं. "बेटा, थे पंखे वाकडे करून हेलिकॉप्टरचं इमान होते ना उडता उडता, ते हेच का?"

"नहीं चाचा, वो अपने पास नहीं है. ये सीधा-सादा है."

"अरेरे. वो रहता तो तिरछा निकल जाता, फूल बच जाते."

"चाचा, उठना तो उसको भी सीधा ही पड़ता है. और उसकी हवा इससे कितनी ज़्यादा! फूल क्या, खेत ही उड़ जाता."

चाचांनी आमच्या साध्या हेलिकॉप्टरकडे जरा आदराने पाहिलं.

तंत्रज्ञ साडेबाराला फुलांच्या टेम्पोतून, आपल्या पेटीवर बसून आले. त्यांनी कण काढला, बोटावर घेऊन बघितला, काहीतरी लिहिलं, तेल बदललं. दोनच्या आत सगळं झालं. आणि खरी पंचाईत तेव्हा सुरू झाली. थोरले म्हणाले, आता जमिनीवरच पंखा जोरात फिरवून पाहायचा, वारा उतरतानापेक्षा बराच जास्त लागेल, ठीक वाटलं की निघायचं, सूर्यास्ताच्या आत निघायचा हुकूम आहे.

आत्याने धुऱ्यावर फतकल मारली.

"झेंडू तोडल्याशिवाय उडाचं नाही."

"किती वेळ लागेल?"

"पाच बायका हायेत. उद्या पहाटपर्यंत होईन."

"काकू, ते शक्य नाही. मला हुकूम आहे. आणि खरं सांगू, लोकांचीही तीच मागणी आहे." त्यांनी खिशातून चार घड्या घातलेलं माझं पत्रक काढलं आणि ठळक आवाजात वाचलं. "'आमच्या शिवारातून तत्काळ हटवा.' शब्दाखाली दोन रेघा आहेत. दीडशे प्रती निघाल्यात. आम्ही जनतेचं ऐकायचं की नाही?"

आत्याने कागद घेतला. तिला माझं अक्षर ओळखू येतं.

"हे तू लिवलं?"

"आत्या, तत्त्वाचा प्रश्न होता."

"माह्या वावराचं पत्रक काढलं, अन् मले नाही इचारलं? मी कुठं मेली होती का? धुऱ्यावर तर होती. बापावर गेली अगदी. त्याले बी तोटी पाहाले जीवावर ये."

मागे पोरं तालात ओरडत होती, "तत्काळ हटवा!" प्रत्येक घोषणेसरशी मला तो दोन एकर झेंडू आडवा होताना दिसत होता. तो गेला तर आत्याच्या वर्षाचं सगळं गेलं, आणि घालवणार मी, माझ्या हस्ताक्षरात.

मी थोरल्यांशी वाद घालून पाहिला. म्हटलं, पत्रक हा माझा विचार आहे, शेतमालकिणीचा नाही. ते म्हणाले, विचार चांगला आहे, बसबद्दल तर पूर्ण सहमत, पण 'बॉम्बवर्षावाचे साधन' दुरुस्त करा. "आत आम्ही दोघं, एक औषधाची पेटी आणि सकाळचे डबे आहेत." मग आवाज खाली आणून म्हणाले, "सूर्यास्त सहाच्या आसपास आहे. साडेपाचपर्यंत मी पंखा फिरवत नाही. त्यापुढे मला थांबता येणार नाही. तेवढ्यात काय करायचं ते करा."

साडेतीन तास, पाच बायका, दोन एकर. मी दोरीपलीकडच्या गर्दीकडे बघितलं. दोनशे माणसं सकाळपासून काहीही न करता उभी होती.

मी टेम्पोच्या टपावर चढले. भाषणं मी लहानपणापासून ऐकलेली आहेत, पण स्वतःचंच पत्रक मागे घेणारं भाषण मी कधीच ऐकलेलं नव्हतं. वडिलांनी आयुष्यात एकही मागे घेतलं नाही. मी ओरडले, "बंधूंनो आणि भगिनींनो, सकाळच्या पत्रकातला 'तत्काळ' हा शब्द रद्द समजावा!"

"मंग कवा हटवाचं?" एका पोराने विचारलं.

"झेंडू तोडून झाल्यावर! आणि ज्याला हेलिकॉप्टर जवळून बघायचं असेल, त्याने आधी एक टोपलं झेंडू तोडायचा!"

कुणीतरी म्हणालं, "आत बसू देतीन का?" मी थोरल्यांकडे बघितलं. त्यांनी आकाशाकडे बघितलं. "बसायला नाही," ते म्हणाले. "हात लावून फोटो. एकेकाने. दरवाजाला हात नाही लावायचा."

तेवढ्यावर दोनशे माणसं शेतात घुसणार, तर आत्या आडवी आली. "चपला काढा! फुलाच्या वावरात चपला चालत नाही!" धुऱ्यावर चपलांचा हा ढीग झाला. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी 'एक टोपलं' असं लिहून सही करून देऊ लागले, आणि पोलीसदादा ती चिठ्ठी बघून दोरी वर करू लागले. त्यांनाही फोटो हवा होता, म्हणून मधल्या वेळात शिट्टी तोंडात धरून त्यांनीही अर्धं टोपलं भरलं.

गावचा माणूस झेंडू कसा तोडायचा जाणतो. धाकटा वैमानिक जाणत नव्हता. त्याने बराच वेळ घेऊन बुटांच्या लेस सोडल्या, पँट वर दुमडली आणि लांब दांड्यासकट एकेक फूल काळजीपूर्वक खुडू लागला.

"ओ लंबू," आत्या म्हणाली, "गुलदस्ता करून राहिला का? हार ओवाचा हाये. मुंडकं तोड, मुंडकं!"

"जी, मौसीजी." त्यानंतर तो चाचांच्या शेजारच्या ओळीत राहिला आणि चाचांचे हात बघून तोडू लागला. थोरले मात्र चिंचेखाली घड्याळ बघत उभे होते. पावणेपाचला आत्या त्यांच्याजवळ गेली आणि हातात टोपलं देऊन म्हणाली, "उभ्या उभ्या पाय दुखतीन तुमचे." तिने त्यांना पहिल्यांदाच 'तुमचे' म्हटलं. मला वाटतं, म्हणूनच त्यांनी बूट काढले.

पाच वीसला शेवटची ओळ संपली. झेंडू टेम्पोत भरला, वर ताडपत्री आली. पण टेम्पो चालू होईना. सकाळपासून तंत्रज्ञांना आणण्या-नेण्यात पुन्हा पुन्हा बंद-चालू करून जुनी बॅटरी बसली होती. तीस-चाळीस जणांनी धक्का मारायला सुरुवात केली, आणि धुरा ओलांडून टेम्पो जेमतेम चिंचेमागे पोचतो तोच साडेपाच वाजले. थोरल्यांनी लांबून आत्याकडे बघितलं. आत्या ताडपत्रीवर चढून पालथी पडली, दोन्ही हातांनी दोरी धरली, आणि मान न उचलताच एक हात सोडून वर हलवला.

पंखा फिरू लागला. माती उठली, धुऱ्यावरच्या चपला उडाल्या, रिकामी झाडं ओळीने वाकली आणि त्यातली बरीच पुन्हा उभी राहिली. हेलिकॉप्टर सरळ वर गेलं. सगळं गाव तोंड वर करून बघत होतं, पोरं फोन धरून, पोलीसदादा शिट्टी विसरून. मी टेम्पोच्या मागच्या फळीला धरून होते. ताडपत्रीखालून एक फूलही निसटलं नाही.

"गेलं का?" ताडपत्रीवरून आवाज आला.

"गेलं, आत्या."

"मंग पाहून काय राहिली वर? चपला शोध माह्या, अन् धक्का मार. अकोल्याले जाचं हाये."