मुकी बोटं

"थांबा भाऊ, अजून ते बोललं नाही," असं म्हणत आमचे पवनीचे मिस्त्री इंजिनचं बेअरिंग खालच्या ओठावरून हळूच फिरवायचे.

क्रँकभोवती बसणारं हे अर्धगोल बेअरिंग बाकीचे मिस्त्री नखानं तपासतात. चरा असेल तिथं नख अडकतं. तुम्हीही पाहिलं असेल. हेही आधी तसंच करायचे. ऐंशी सालाच्या आसपास अचानक नखाच्या जागी ओठ आला. मायक्रोमीटर होता, पण झीज किती ते मापानं कळतं आणि कशी ते स्पर्शानं, असं त्यांचं म्हणणं.

"मिस्त्री बेअरिंगची पप्पी घेऊन राहिले," ड्रायव्हर चिडवायचे. मी भाड्यानं अँबॅसिडर चालवायचो. एकदा विचारलं, "बोट काहून नाही लावत?"

"बोटाले ग्रीस असते."

पण ते तर रॉकेलनं हात स्वच्छ धुऊन बसलेले. मला काही उमगेना.

ऐन लगीनसराईत माझ्या गाडीच्या डॅशबोर्डवरचा ऑइलचा दिवा मिणमिणायला लागला, म्हणजे बेअरिंग झिजल्याची शंका. तापल्या इंजिनासकट गाडी त्यांच्या दारात लावली. मिस्त्री वाकले आणि हात टेकला तो थेट सायलेन्सरच्या नळीवर. तसेच बोलत राहिले. जळका वास आला तेव्हा मीच हात ओढला. कातडी सोलली होती, आणि हा माणूस माझ्याकडेच गोंधळून पाहत होता.

"दुखत नाही?"

"नाही ना. बोटं कधीची मुकी झाली." मग आवाज उतरला. "कोणाले सांगू नका. महारोग म्हणतील, अन् दुकानात कोणी फिरकणार नाही."

"हाये का तो?"

"मले काय माहीत? डॉक्टरकडं गेलो तर माहीत होईन, म्हणून नाही गेलो."

शेवटी मीच त्यांना भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं. तोच आजार निघाला. गोळ्यांनी बरा होईल, डॉक्टर म्हणाले, पण बोटांतली गेलेली जाणीव परत येईलच असं नाही.

"मंग बरं म्हणजे काय झालं?" मिस्त्रींनी विचारलं.

पवनीत बातमी पोचलीच. दुकान मोडून ते तुमसरला मुलीकडं निघाले. बसस्टँडवर मी त्यांचा हात हातात घेतला. ते दोन्ही हातांकडं पाहत राहिले.

"तुमचा हात गरम हाये का थंडा, भाऊ?"

"गरम," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि बसमध्ये चढले.