चोरांना न वाचता आलेली टिपणं

मी समुपदेशक आहे. रेवदंड्यात एका औषधाच्या दुकानाच्या वर दोन खोल्या भाड्याने घेतल्या आहेत. खिडकीतून सुकत घातलेल्या बोंबलांचा वास येतो. नवीन माणूस नाकाला रुमाल लावून बोलायला सुरुवात करतो आणि थोड्या वेळाने रुमाल विसरतो.

माझ्याकडे येणारी माणसं बहुतेक लांबची. ओळखीच्या कुणी पाहू नये, म्हणून. त्यांतलेच एक ट्रकवाले गृहस्थ, उरणकडचे. न्हावा शेव्याहून कंटेनर न्यायचे, गाडी स्वतःची. एका अपघातात त्यांच्या डोळ्यांदेखत समोरच्या गाडीचा ड्रायव्हर गेला. तेव्हापासून स्टिअरिंग धरलं की यांचे हात थरथरायचे. गाडीवर दुसरा माणूस ठेवला होता आणि घरी सांगितलं होतं, पाठ धरली आहे. (हे मी त्यांना विचारून, ओळखू येतील अशा खुणा पुसून लिहिते आहे.)

"मॅडम, ही गोष्ट हितंच राहील ना? धंद्यात समजला तं मना कोन काम देनार न्हाय."

"इथेच राहील," मी म्हटलं होतं.

आता 'इथेच' म्हणजे कुठे? प्रत्येक भेटीनंतर मी लॅपटॉपवर टिपण लिहिते. खाऱ्या हवेत लॅपटॉप कधी दगा देईल याचा भरवसा नाही, म्हणून त्याची प्रत क्लाउडवर, म्हणजे लांबच्या एका कंपनीच्या सर्व्हरवर जाते. ही मांडणी माझ्या वहिनीने करून दिली. ती बंदराजवळच्या एका माल वाहतुकीच्या ऑफिसात कॉम्प्युटरचं काम बघते. तिने एक प्रोग्रॅम टाकून असं केलं की टिपण वर जाण्याआधी माझ्याच लॅपटॉपवर कूटबद्ध व्हावं. किल्लीशिवाय बघणाऱ्याला त्यात अर्थहीन चिन्हांपलीकडे काही दिसू नये. किल्ली म्हणजे एकमेकांशी काडीचा संबंध नसलेल्या शब्दांचं एक लांबलचक वाक्य. रोज ते टाइप करताना मी कुरकुरायचे.

"कंपनीचा पासवर्ड आहे ना? मग हे आणखी कशाला?"

"ताई, कंपनीचं कुलूप कंपनीच्या हातात. हे तुमच्या हातात. खुद्द कंपनीलाही तुमचं टिपण वाचता येता कामा नये."

"आणि मी विसरले तर?"

"तर मग कुणालाच उघडता येणार नाही. मलासुद्धा."

एका सकाळी त्याच कंपनीचं पत्र मेलवर आलं. कुणीतरी बाहेरून त्यांच्या सर्व्हरमध्ये शिरून ग्राहकांच्या फाइली उतरवून नेल्या होत्या. माझ्याही. मी उठून दाराला आतून कडी घातली, जणू चोर जिन्यातच उभे होते. डोळ्यांसमोर एकेक चेहरा येऊ लागला. मी वहिनीला फोन लावला आणि धड वाक्यही पुरं करू शकले नाही.

"आधी खाली बसा," ती म्हणाली. "फोनवरून कंपनीच्या साइटवर जा. आपला प्रोग्रॅम न वापरता एखादी फाइल उतरवून उघडा. चोराला दिसेल तेच तुम्हाला दिसेल."

मी उघडली. चौकोन, प्रश्नचिन्हं, कुठल्याच लिपीतली नाहीत अशी चिन्हं. पानभर कचरा. माझंच लिखाण, आणि मला त्यातला एक शब्द लागेना.

"किल्ली ते शोधून काढतील का गं?"

"तेवढ्यासाठीच तर एवढं लांब वाक्य घ्यायला लावलं. पोरांच्या नावाचा पासवर्ड असता तर आज मीही घाबरले असते."

"आणि फाइलींची नावं?"

"तीही झाकलेली. फाइली किती, केवढ्या आणि कधी चढवल्या, एवढं कळेल. कुणाच्या ते नाही."

मी फोन कानाला धरूनच रडले. वहिनी म्हणाली, "पण ताई, तुमच्या माणसांना सांगा. गोष्टी त्यांच्या आहेत."

ट्रकवाले आले तेव्हा मी आडवळण न घेता सांगितलं. चोरी झाली म्हटल्याबरोबर ते उठून उभे राहिले.

"वाचला कोनी?"

"नाही. कुणालाही वाचता येणार नाही." मी फोनवर तो कचरा त्यांना दाखवला. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला आणि हळूहळू खुर्चीत बसले.

"खरा सांगू? चोरी म्हटलीव तवा वाटला, आता बायकोला समजला असंल. आन् घाबरायचा सोडून मना हलकाच वाटला." मग स्वतःशीच मान हलवली. "चोरानं सांगन्यापरीस मीच सांगतो."

पुढच्या भेटीला ते बायकोला घेऊन आले. ती आत आली, खोली नीट न्याहाळली, माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. दर भेटीला इस्त्रीचा शर्ट घालून नवरा रेवदंड्याला जातो, म्हणजे तिथे कुणीतरी बाई आहे, असं धरून ती इतके दिवस जळत होती.

"बाई हाय, पन अशी!" ती म्हणाली, आणि नवऱ्याचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. तो थोडा थरथरतच होता. तिने सोडला नाही.