भोंग्यावरची मीटिंग

आमच्या गावच्या कापूस संस्थेचे चेअरमन फार पारदर्शक गृहस्थ होते. असं ते स्वतःच सांगत. दुसऱ्या कुणाच्या तोंडून मी ते कधी ऐकलं नाही.

ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल. संचालक मंडळात एक बाई हवी, असा वरून हुकूम आला, म्हणून त्यांनी मला घेतलं. नवरा गेल्यावर शेती मीच बघत होते, संस्थेची सभासद होते, आणि मुख्य म्हणजे कमी बोलणारी म्हणून गावात माझी ख्याती होती. राखीव जागेवर शेजारच्या गावचे एक काका होते. नामांतराच्या दंगलीत त्यांची वस्ती जळाली होती. ज्यांच्या भावकीनं ती जाळली, त्यातले दोघे मंडळात त्यांच्यासमोर बसून बशीतला चहा फुंकत, आणि सहकारात जात नसते, असं एकमेकांना सांगत.

कापूस तेव्हा सरकारी खरेदी केंद्रावरच घालावा लागे, आणि गावचं केंद्र आमची संस्था चालवायची. हंगामात बैलगाड्यांची रांग पार एस.टी. स्टँडपर्यंत जायची. माणसं गाडीखाली झोपायची, बैलांचा कडबा संपायचा. चेअरमनसाहेबांच्या सोयऱ्यांच्या गाड्या मात्र मागच्या फाटकातून आत जाऊन रिकाम्या होऊन परतायच्या. काकांच्या वस्तीवरच्या गाड्यांचा नंबर सगळ्यांच्या शेवटी. एके दिवशी लोक भडकले, ऑफिसात शिरले, खुर्च्या उलथ्या केल्या.

त्यावर साहेबांनी उपाय काढला. ऑफिसाच्या छपरावर भोंगा बसवला आणि व्हरांड्यात उभं राहून जाहीर केलं, “आजपासून मंडळाची मीटिंग भोंग्यावर. तुमच्यापासून लपवायचं काय हाय? आमचा कारभार उघडा हाय!”

रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मलाही बरं वाटलं.

पहिली मीटिंग सुरू झाली. एकेक विषय निघे आणि मंजूर होई. कुणी काही विचारीना, कुणी अडवीना. शाळेच्या गॅदरिंगमध्ये पाठ केलेलं बोलावं, तसे संचालक माईकपाशी तोंड नेऊन बोलत होते. मी शेजारच्या संचालकांना हळूच विचारलं, “हे ठरलं कधी?”

“काल. साहेबांच्या शेतातल्या आखाड्यावर. मटण होतं,” ते म्हणाले. मग जरा ओशाळले. “बायामाणसाला शेतात कुठं बोलवायचं, म्हून तुमाला निरोप न्हाई दिला.”

मीटिंग संपल्यावर मी काकांना गाठलं. “तुमाला तरी बोलावतात का आखाड्यावर?”

“मला?” काका हसले. “माझं ताट कुठं मांडायचं, ह्या पेचात पडतील ते.”

“मग आपण भोंग्यावरच विचारू. भोंगा तर त्यांनीच लावलाय.”

पुढच्या मीटिंगला सगळे विषय झरझर मंजूर झाले, आणि आभार मानायच्या आत काका उठले. माईक त्यांनी स्वतःकडे ओढला.

“गाड्यांचे नंबर चिठ्ठ्या टाकून काढा,” ते म्हणाले. “मैदानात, समद्यांसमोर. साहेबांच्या सोयऱ्याचीबी चिठ्ठी टाका आन् माझ्या वस्तीचीबी.”

बाहेरचा गलका एकदम थांबला. साहेबांनी कारकुनाकडे पाहिलं, कारकुनानं हात मागं नेला, आणि भोंगा मुका झाला.

“लाइट गेली,” साहेब म्हणाले.

मी वर पाहिलं. “साहेब, पंखा तर फिरायलाय.”

सगळ्यांनी माना वर केल्या आणि लगेच खाली घातल्या.

“ताई, तुमी बसा. हा मंडळाच्या आतला विषय हाय.”

“मग भोंगा कशाला लावलाय?”

“लोकायचा इश्वास बसावा म्हून!” साहेब चिडून म्हणाले.

बनवाबनवी करताना माणूस निदान थोडा लाजतो. साहेब लाजले नाहीत. मनापासून बोलत होते. विश्वास बसला की काम झालं. तो ठेवण्याजोगं काही करायचं असतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

मी उठले आणि व्हरांड्यात आले. मोठ्यानं बोलायची सवय नव्हती, आवाज चिरकला, पण सांगितलं: “काकांनी चिठ्ठ्यांचा विषय काढलाय. आत म्हणायलेत, लाइट गेली. पंखा चालू हाय. या, बघा.”

लोक आले. खिडक्यांना माणसं चिकटली. सगळे पंख्याकडे बघत होते आणि आतले संचालक टेबलाकडे. मग एका म्हातारीनं चिठ्ठ्यांसाठी आपलं टोपलं पुढं केलं, एवढ्या लोकांपुढं साहेबांना नको म्हणता येईना, आणि त्याच दुपारी मैदानात चिठ्ठ्या निघाल्या. साहेबांच्या मेव्हण्याचा नंबर फार मागं गेला. त्यानं भर उन्हात बैल सोडले आणि सरकारला शिव्या देत गाडीखाली बसला. तसं काही बघायला मिळेल, असं मला वाटलं नव्हतं.

तो हंगाम चिठ्ठ्यांवर गेला. पुढच्या निवडणुकीत साहेबांच्या पॅनलमध्ये आम्ही दोघंही नव्हतो. माझ्या जागी त्यांची भावजय आली, ती माझ्याहूनही कमी बोलायची. मागचं फाटक पुन्हा उघडलं. परभणीला कुठल्याशा समारंभात आदर्श कारभारासाठी साहेबांच्या खांद्यावर शाल पडली. इकडे लोक मुकाट्यानं गाड्या जुंपून सेलूच्या केंद्राकडे नेऊ लागले आणि आमच्या मैदानात गवत वाढलं.

पुढे एकदा साहेब मला परभणीच्या स्टँडवर भेटले. “ताई, तुमी लोकायचा इश्वास घालवला. संस्था बुडाली,” म्हणाले. डोळ्यांत पाणीसुद्धा होतं. मी माझ्या एस.टी.ची पाटी वाचत राहिले.

काका शेवटपर्यंत सेलूलाच कापूस घालत. मी एकदा विचारलं, “तिथला कारभार तरी सरळ हाय का?”

“कशाचा सरळ?” ते म्हणाले. “पण तिथं कुणी भाषण देत न्हाई.”