डांबराच्या पिंपाची चूल

माझ्या लाडक्या नातवंडांनो,

परवा तुमच्या आईने फोनवर फोटो पाठवला. बर्फातल्या तुमच्या घरात नवी लोखंडी चूल बसवली आहे, तिला काचेचं दार आहे, पितळी मूठ आहे आणि तिच्यापुढे तुम्ही दोघं लोकरी मोजे घालून बसला आहात. फोटोखाली लिहिलं होतं, 'अगदी आजीच्या गावासारखं वाटतंय.' मी फोटो मोठा करून पाहिला. चुलीवर फुलदाणी होती. जिच्यावर फुलदाणी ठेवता येते ती चूल नव्हे, बाळांनो, ते फर्निचर आहे. आजीच्या गावासारखं म्हणजे काय हे तुम्ही चूल विकणाऱ्या दुकानदाराकडून शिकण्याआधी मीच लिहून ठेवते. माझं अक्षर अजून वाचण्यासारखं आहे, तेवढ्यात हे झालेलं बरं.

तुमचे आजोबा वनखात्यातून निवृत्त झाले तरी आम्ही आलापल्लीच्या पलीकडच्या त्या गावातच राहिलो. मीही शाळेतून निवृत्त झाले होते. गावात एक लहान दवाखाना होता आणि त्याच्या मागे एक खोली. पावसाळ्यात नाले भरले की आतली गावं तुटतात, म्हणून दिवस भरत आलेल्या बायका आधीच येऊन त्या खोलीत राहत. खोली गावातल्या प्रतिष्ठितांच्या समितीने बांधली होती. समितीत मीही होते, कारण अर्ज बिनचूक लिहायला कोणीतरी लागतं.

त्या खोलीत सगळं होतं. भिंतीवर हसऱ्या बाळाचं चित्र होतं, उद्घाटनाचा संगमरवरी दगड होता, पंखा होता. फक्त विस्तव नव्हता. पाणी तापवायचं विजेचं यंत्र होतं, पण पावसाळ्यात आमच्याकडे वीज पाहुण्यासारखी येते. गॅसची शेगडीही मिळाली होती. ती समितीच्या अध्यक्षांनी स्वतःच्या घरी कुलपात ठेवली होती. या बायका स्फोट करतील, असं त्यांचं म्हणणं. स्फोट होऊ नये म्हणून त्यांच्या घरी रोज तिच्यावर चहा होत असे.

बाळंतिणीला कढत पाण्याने न्हाऊ घालायचं, खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवून शेकायचं, मऊ भात गरम गरम वाढायचा, हे आपल्याकडे कोणी कोणाला शिकवत नाही. जिथे हे होणार नाही तिथे बाळंतपण करायला कोण थांबेल? बायका मागच्या पडवीत तीन दगड मांडून जाळ करत. पावसाची झड आली की जाळ विझे आणि धूर तेवढा खोलीत जाई.

त्या श्रावणात नाल्यापलीकडच्या गावातून एक सासू आपल्या सुनेला घेऊन आली. धानाची शेती करणारं घर. सुनेचं पहिलं मूल गेलं होतं. कळा सुरू झाल्या तेव्हा नाला भरलेला होता आणि बैलगाडी काठावरच उभी राहिली होती. या वेळी म्हणून ती आधीच आली होती. पण सासूने खोली पाहिली, पडवीतले ओले दगड पाहिले आणि गाठोडं सोडलंच नाही. परत जातो म्हणाली. मी तिला म्हटलं, धूर बाहेर जाणारी चूल तुम्हाला या पडवीत बसवून देते, तोवर थांबा. सासूने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. इस्त्रीची साडी आणि चष्मा घातलेली बाई चूल बसवणार, हे तिला काही पटलं नाही. तरी ती थांबली.

समितीकडे मागितलं असतं तर ठराव झाला असता आणि चूल पुढच्या श्रावणात आली असती. म्हणून मी भंगाराकडे वळले. रस्त्याचं काम अर्धवट टाकून कंत्राटदार पळाला होता, त्याचं डांबराचं रिकामं पिंप नाल्याकाठी पडलं होतं. दवाखान्याच्या अंगणात बंद पडलेल्या हातपंपाचा पाइप होता, तो धुराड्याला घेतला. मोडक्या ट्रकच्या कमानीचे पट्टे जाळीसाठी. चुलीच्या दाराला जाड पत्रा हवा होता, तो जुन्या एका योजनेच्या फलकाचा मिळाला. योजना केव्हाच संपली होती, फलक मात्र खणखणीत होता. सरकारी कामात टिकाऊ तेवढं हेच असतं.

जोडायचं काम ग्रिलवाल्या भाऊंकडे दिलं. गावात मशिदीजवळ त्यांचं खिडक्या-दारांचं दुकान होतं. दिवसभरातला अर्धा वेळ ते काम करत आणि उरलेला वेळ केलेल्या कामाची स्तुती. पिंप आधी चांगलं जाळून घ्या, नाहीतर भाताला डांबराचा वास येईल, हे मी त्यांना तीनदा सांगितलं. ते एकदाही विसरले नव्हते असं त्यांचं म्हणणं होतं. पिंप मी माझ्यासमोरच जाळून घेतलं.

"बाई," ते म्हणाले, "लोक कबाड फेकून राह्यले आन् तुम्ही उचलून राह्यल्या. मी चूल बनवली म्हनून बाजारात सांगू नका, धंदा बसन माझा."

चूल झाली. बुटकी, काळी, भक्कम. वर दोन भांडी बसतील अशी भोकं, पुढे लाकडं सारायला तोंड, मागे धुराडं. दुसऱ्या दिवशी मी पडवीत गेले तर अध्यक्षांनी ती आधीच बसवून घेतली होती. खाली विटा, भोवती सिमेंट, वरच्या टिनाला भोक पाडून धुराडं बाहेर. तोंड पडवीच्या दाराकडे केलं होतं, म्हणजे बाहेरून फोटो चांगला येतो. तांबडी फीतही लावली होती. चुलीला फीत. फीत कापली, फोटो निघाला आणि ते सासूला म्हणाले, आता पेटवा.

सासू जागची हलली नाही. पडवीचं दार दक्षिणेला होतं.

"असी चूल कोनाच्या घरी असते जी?" ती मला म्हणाली, अध्यक्षांना नाही. "मेलेल्याच्या. माह्या सुनेचं एक लेकरू गेलं हाये. दुसऱ्याचं पानी मी हिच्यावर नाई तापवत."

अध्यक्षांनी मग अंधश्रद्धेवर भाषण केलं. आपण कोणत्या शतकात आहोत ते सांगितलं. अशाने देश मागे राहतो तेही सांगितलं. हे गृहस्थ कोण, तर ज्यांनी स्वतःच्या नव्या घराचं स्वयंपाकघर वास्तू सांगणाऱ्याच्या शब्दावर दोनदा पाडून बांधलं होतं. मी त्यांचं सगळं ऐकून घेतलं.

"साहेब," मी म्हटलं, "तुमच्या गाडीचं लिंबू वाळलंय. मिरच्याही बदला."

ते गाडीकडे पाहायला लागले. खरंच पाहायला लागले.

यम दक्षिणेला, म्हणजे आमच्याकडून सिरोंच्याच्या बाजूला, राहतो यावर माझा विश्वास नाही, हे तुम्हाला सांगायला नको. मी तिकडे गेले आहे, तिथे नदी आहे आणि मिरच्यांची शेतं. पण बाळंत व्हायची होती ती मी नव्हे. ज्या बाईने एक मूल गमावलं आहे तिला ठरावीक दिशेची चूल हवी असेल, तर भूगोल शिकवण्याची ती वेळ नव्हती. मी म्हटलं, चूल फिरवा. अध्यक्ष म्हणाले, सिमेंट धरलं आहे, टिनाला भोक झालं आहे, फोटो वर पाठवला आहे. तिसरं कारण सगळ्यात मोठं होतं, हे त्यांच्या आवाजावरून कळलं.

तोवर सासूने भाड्याची जीप बोलावली होती. जीप दवाखान्यापुढे हॉर्न वाजवत उभी राहिली. नाल्याला पाणी चढत होतं, आता गेलं तरच पलीकडे पोचता येणार होतं. आणि एकदा गेलं की यायला मिळणार नव्हतं. सासूने गाठोडी उचलली.

सून इतके दिवस माझ्यासमोर एक शब्द बोलली नव्हती. ती खाटेवरून उठली, पडवीत गेली आणि चुलीजवळ जमिनीवर बसली.

"मी नाई येत," ती सासूला म्हणाली. "तुमी चूल फिरवून घ्या."

सासूने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग गाठोडी तिथेच टाकली आणि जीपवाल्याला दवाखान्यातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात शिव्या घातल्या, जणू त्यानेच तिला यायला सांगितलं होतं. जीप गेली.

ग्रिलवाले भाऊ सब्बल, म्हणजे पहार, घेऊन आले. सिमेंट अजून ओलसरच होतं, अध्यक्षांच्या बोलण्याइतकं ते पक्कं नव्हतं. पिंप गोल, त्यामुळे चूल जागच्या जागी फिरली आणि तोंड पूर्वेला आलं. पण मागचं धुराडंही तिच्याबरोबर फिरलं, आणि टिनाचं भोक होतं तिथेच राहिलं. मग पाइप कापून दोन ठिकाणी वळवावा लागला. ते धुराडं इतकं वाकडं झालं की भाऊंनी पहिल्यांदाच स्वतःच्या कामाची स्तुती केली नाही. सासूने बाहेर जाऊन सूर्य कुठे आहे ते पाहिलं, आत येऊन चुलीचं तोंड पाहिलं, आणि गाठोडं सोडलं.

पहिल्याच जाळाने चुलीच्या दारावरच्या फलकाचा रंग फुगून आला आणि कोणा मंत्र्याचं नाव पापुद्रे होऊन गळून पडलं. सासूने ते केरसुणीने गोळा करून चुलीतच लोटलं.

चार दिवसांनी सुनेला मुलगी झाली. नाला तेव्हा दोन्ही काठ सोडून वाहत होता. तिच्या न्हाणीचं पाणी त्या चुलीवर तापलं. समितीच्या वार्षिक अहवालात चुलीचा फोटो आला, दक्षिणेला तोंड असलेला, आणि खाली कल्पना कोणाची तेही छापलं होतं. कोणाची ते तुम्ही ओळखलं असेल.

ती खोली आता पाडली आहे. तिथे फरशीची नवी इमारत झाली, तिच्यातही पाणी तापवायचं यंत्र आहे. चूल मागच्या छपराखाली आहे. तोंड पूर्वेला आहे, धुराडं वाकडं आहे. दारावर 'यांच्या शुभहस्ते' एवढीच अक्षरं वाचता येतात, आणि तिच्यावर अजून पाणी तापतं.