सातबाऱ्यावरची ओळ

पद्मजा नेदरलँड्समधल्या नीउ-व्हेनेपला आली ती नवऱ्याच्या, प्रणवच्या, नोकरीमागून. मराठी शाळेत शिकलेली, इंग्रजी बोलायचं तर आधी मनात वाक्य जुळवणारी. तरी डच शिकून तिने पाळणाघरात काम धरलं. सकाळी देवापुढे निरांजन लावल्याशिवाय ती सायकलवर बसायची नाही. ओळखीतले म्हणायचे, ही बाई भांडत नाही, पण हटतही नाही.

वडील गेल्यावर कोरेगावजवळची जागा तिच्या आणि आईच्या नावावर लागली. आईने, शामलाबाईंनी, तिथे घर बांधायला काढलं. भिंती उभ्या राहिल्या आणि चुलतभावाने, शशिकांतने, दावा लावला : अर्धी जागा आमची. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात दाव्याची ओळ चढली. ती पाहून बँकेने कर्ज अडवलं आणि गवंडी दुसऱ्या कामावर गेला. आई राहत होती ती भाड्याची खोली घरमालकाला मुलाच्या लग्नासाठी दिवाळीआधी हवी होती. वकील म्हणाले, “कोरोनात कोर्ट कधी उघडतं, कधी मिटतं. ज्याने दावा लावला त्याने मागे घेतला, तरच ओळ लवकर निघेल.”

आणि ज्याने लावला तो राहत होता झूटरमेरला. गाडीने जेमतेम अर्धा तास.

“दादा, रविवारी येते,” तिने फोन केला.

“अगं, कोरोनाच्या नियमाने इथे घरात दिवसाला एकच पाहुणा चालतो. रविवारी सुमेधाची मैत्रीण येतेय.” सुमेधा त्याची बायको.

पुढच्या रविवारी शेजारी येणार होता. त्याच्या पुढच्या रविवारी प्लंबर.

“प्लंबर पाहुण्यात धरतात होय?”

“तसं नाही, पण उगाच कशाला?”

फेब्रुवारीत बर्फ पडला त्या शनिवारी तिने त्याच्या इमारतीखालून फोन लावला. “घरात नको, दादा. बाहेर दोघांना भेटता येतं. मी खाली उभी आहे. कानटोपी घालून ये.”

प्रणव गाडीतच बसून राहिला. “मी आलो तर तिघं होतील,” तो म्हणाला. सुटल्यासारखाच वाटला.

शशिकांत खाली आला. गोठलेल्या कालव्यावर पोरं घसरत होती. दोघं काठाने चालू लागली.

“कोर्ट काय ते ठरवेल,” तो म्हणाला.

“कोर्ट ठरवेपर्यंत आई कुठे राहील?”

“आणि माझ्या वडिलांना तुमच्या गवंड्याने तारेपाशी अडवलं, ते? जन्मभर म्हसोबाला नैवेद्य नेणारा माणूस ताट घेऊन परत फिरला.”

पद्मजा थबकली. हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आईलाही ठाऊक असेल असं वाटेना. जागेच्या मागच्या कोपऱ्यात कडुनिंबाखाली म्हसोबा होता, आणि बांधकामासाठी तारेचं कुंपण मारलं तेव्हा त्याच्याकडे जाणारी वाट कुंपणाच्या आत गेली.

“चूक झाली,” ती म्हणाली. “पण वाट अडली तर वाट मागायची. अर्धी जागा कुठून आली?”

“वकिलाने लिहिलं तसं.”

“सही तुझी आहे. म्हसोबापुढे उभा राहून म्हणशील, अर्धी आमची म्हणून?”

तो बुटाने बर्फ उकरत राहिला.

“आधी वाट लिहून दे,” तो शेवटी म्हणाला. “मग दावा काढतो.”

“मग मी लिहून देईन आणि तुझ्याकडे परत प्लंबर येईल. दोन्ही एकाच कागदात लिहायचं. दावा मागे, नैवेद्याची वाट कायम. आधी-मागे काही नाही.”

“बाबांना विचारावं लागेल.”

“विचार की. इथेच.”

फोन स्पीकरवर लागला. उल्हासकाकांनी सगळं ऐकून घेतलं.

“पद्मे, दावा लावल्याशिवाय काका आठवत नाही वाटतं तुम्हाला?”

“चुकलंच, काका.”

“वाट बैलगाडीची नको. ताट घेऊन माणूस जाईल एवढी पुरे. शश्या, सही करून टाक. आणि डोक्याला काहीतरी बांध, तिकडे थंडी आहे म्हणतात.”

वकिलांनी तडजोडीचा कागद केला. दोघांनी हेगला भारतीय वकिलातीत जाऊन आपापली कुलमुखत्यारपत्रं केली. मग भारतात कोरोनाची दुसरी लाट आली आणि कोर्ट पुन्हा मिटलं. पद्मजा दर सोमवारी वकिलांना फोन करी, मग शशिकांतला.

“आता मी काय केलं?” तो वैतागे.

“काही नाही. तुझ्या वकिलाला आठवण कर.”

“मुकादम झालीस तू.”

“हो. कर आठवण.”

गणपतीच्या सुमारास तडजोड मंजूर झाली. तलाठ्याने दाव्याच्या ओळीला कंस करून ती रद्द केली आणि खाली वाटेची नोंद घेतली. बँक हलली, स्लॅब टाकून झाला. दारं व्हायची होती, पण घरमालकाच्या मुलाच्या लग्नाचा मांडव उभा राहायच्या आत शामलाबाई देव घेऊन नव्या घरात आल्या. पुढच्या चौकटीला चादर बांधून त्यांनी पद्मजाला व्हिडिओ कॉल लावला.

“वारा येतोय गं खूप,” त्या म्हणाल्या.

“सुताराचा नंबर पाठव, आई. मी बोलते त्याच्याशी.”